शाळेच्या वर्गातील प्राचीन रोम : काय शिकवावे आणि कसे?

१. प्रास्ताविक

इतिहासाच्या अध्यापनाविषयी चर्चा सुरू झाली की ती बहुधा आपल्या स्वतःच्या इतिहासापाशी येऊन थांबते. कोणता राजा किती पानांत आला, कोणती लढाई वगळली गेली, याविषयी आपण हिरिरीने बोलतो. परंतु परक्या आणि फार जुन्या संस्कृतीचा इतिहास मुलांना शिकवताना कोणते प्रश्न उभे राहतात, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. प्रस्तुत लेखात प्राचीन रोमचे उदाहरण घेऊन या प्रश्नाचा विचार केला आहे.

रोमची निवड करण्यास कारण आहे. इटलीत हा इतिहास देशाचा वारसा म्हणून शिकवला जातो. इंग्लंडमध्ये २०१४ पासून अमलात आलेल्या राष्ट्रीय अभ्यासक्रमात रोमन साम्राज्य आणि त्याचा ब्रिटनवर झालेला परिणाम हा प्राथमिक शाळेतील इतिहासाचा एक ठरलेला घटक आहे. म्हणजे जिंकणाऱ्यांच्या भूमीत आणि जिंकल्या गेलेल्यांच्या भूमीत, दोन्हीकडे मुले रोम शिकतात. तो त्यांना कोणाच्या बाजूने सांगितला जातो, यावर पुष्कळ काही अवलंबून असते. माझे मत असे की, रोम शाळेत अवश्य शिकवावा. मात्र त्याच्या वैभवाची यादी पाठ करून घेण्यासाठी तो शिकवू नये. पुराणकथा, इतिहास आणि सत्तेचा प्रचार या तीन गोष्टी वेगळ्या ओळखण्याचा सराव मुलांना देण्यासाठी तो शिकवावा. या कामासाठी रोमइतकी समृद्ध सामग्री फार थोड्या संस्कृतींनी मागे ठेवली आहे.

२. रोम कोणाच्या वाट्याला आला?

एक गोष्ट आरंभीच लक्षात घ्यायला हवी. युरोपात रोमचे शिक्षण दीर्घकाळ लॅटिन भाषेच्या शिक्षणाशी जोडलेले होते आणि लॅटिन ही प्रतिष्ठितांच्या शाळांची खूण होती. ऑक्सफर्ड आणि केंब्रिज या विद्यापीठांत प्रवेशासाठी लॅटिनचे ज्ञान आवश्यक मानले जाई. १९६० मध्ये ही अट काढून टाकण्याचा निर्णय झाला. त्यामुळे सर्वसामान्य शाळांतून लॅटिन नाहीसे होईल, अशी भीती शिक्षकांना वाटू लागली. व्याकरणाच्या कोष्टकांवर आधारलेली जुनी पद्धत आता टिकणार नाही, हे ओळखून १९६६ मध्ये केंब्रिज येथे शालेय अध्यापनासाठी एक प्रकल्प सुरू झाला आणि १९७० मध्ये ‘केंब्रिज लॅटिन कोर्स’ या पाठ्यपुस्तकमालेचे प्रकाशन सुरू झाले. पाँपेई शहरातील एका कुटुंबाची गोष्ट वाचत वाचत मुलांनी भाषा शिकावी, अशी तिची रचना होती.

हा प्रयत्न महत्त्वाचा होता. परंतु विषमता त्याने संपली नाही. इंग्लंडमध्ये आजही लॅटिन शिकण्याची संधी खाजगी शाळांतील मुलांना अधिक मिळते. २०२१ मध्ये तेथील सरकारने चाळीस सरकारी शाळांत लॅटिन सुरू करण्यासाठी चाळीस लाख पौंडांची योजना जाहीर केली. पुढे सरकार बदलले आणि २०२५ च्या आरंभी, शैक्षणिक वर्ष संपण्याची वाट न पाहता, तिचा निधी थांबवण्यात आला. योजना योग्य होती की अयोग्य, यावर मतभेद असू शकतात. पण भाषा शिकण्याच्या मध्यावर असलेल्या मुलांना असे सोडून देणे कोणत्याही दृष्टीने समर्थनीय ठरत नाही. श्रीमंतांच्या मुलांचा रोम फी भरून चालू राहतो आणि इतरांचा रोम अंदाजपत्रकाच्या एका ओळीवर अवलंबून राहतो, हाच त्याचा अर्थ होय.

म्हणून रोमच्या अध्यापनाचा विचार करताना केवळ लॅटिनवर विसंबून चालत नाही. रोमचा इतिहास, पुराणकथा आणि दैनंदिन जीवन हे सारे अनुवादातून, चित्रांतून, वस्तूंमधून आणि शिलालेखांमधून मुलांपर्यंत पोहोचू शकते. भाषा शिकण्याची संधी असेल तर उत्तमच. ती नसेल तर विषयच वर्ज्य करणे योग्य नव्हे.

३. लांडगीची कथा आणि लिव्हीची शंका

रोमच्या स्थापनेची कथा बहुतेक मुलांना पहिल्याच तासाला सांगितली जाते. नदीत सोडून दिलेली रोम्युलस आणि रेमस ही जुळी बाळे, त्यांना दूध पाजणारी लांडगी, वाढवणारा गुराखी, मग भावाभावांतील भांडण, रेमसचा वध आणि इ.स.पू. ७५३ मध्ये नगराची स्थापना. कथा रंजक आहे आणि मुलांना ती आवडते. अडचण पुढे येते. पुष्कळदा ही कथा आणि नंतरचा इतिहास यांमध्ये कोणतीही रेषा न आखता शिक्षक पुढच्या पाठाकडे वळतात.

वस्तुतः ही रेषा आखण्यास मदत करणारा लेखक स्वतः रोमनच आहे. लिव्ही याने इ.स.पू. पहिल्या शतकाच्या उत्तरार्धात रोमचा इतिहास लिहावयास घेतला. १४२ खंडांच्या या ग्रंथापैकी आज ३५ खंड उपलब्ध आहेत. आपल्या प्रस्तावनेतच तो सांगतो की, नगरस्थापनेपूर्वीच्या गोष्टी विश्वसनीय नोंदींपेक्षा काव्याला अधिक शोभणाऱ्या आहेत. आपण त्या खऱ्या म्हणून मांडणार नाही आणि खोट्या म्हणून खोडणारही नाही. लांडगीच्या कथेबाबतही तो एक पर्याय नोंदवतो. ज्या लॅटिन शब्दाचा अर्थ लांडगी असा होतो, तोच शब्द देहविक्रय करणाऱ्या स्त्रीसाठीही वापरला जाई. गुराख्याच्या पत्नीला लोक तसे म्हणत असावेत आणि त्यातून ही अद्भुत कथा जन्मली असावी, असे काहींचे मत असल्याचे तो लिहितो. रोम्युलसच्या अंताच्याही दोन हकिकती तो देतो. एका हकिकतीत वादळाच्या ढगात राजा अदृश्य होतो आणि देव बनतो. दुसरीत, कुजबुजीच्या रूपाने, सिनेटच्या सदस्यांनीच त्याचे तुकडे केल्याचे सांगितले जाते.

वर्गात या दोन हकिकती शेजारी शेजारी ठेवाव्यात आणि मुलांना विचारावे : राजा देव झाला, या हकिकतीने कोणाचे भले झाले? दहा वर्षांचे मूलही या प्रश्नाचे उत्तर शोधू शकते. येथे कथेचा आनंद कमी होत नाही. उलट एखादी कथा का सांगितली गेली असेल, हा विचार कथेइतकाच रंजक असतो, हे मुलांच्या ध्यानात येते.

चित्रांच्या बाबतीतही हेच म्हणता येईल. लांडगीचे जे कांस्यशिल्प जवळजवळ प्रत्येक पुस्तकात छापलेले असते, त्यातील दोन बाळे पंधराव्या शतकात जोडलेली आहेत. लांडगीचे शिल्प प्राचीन की मध्ययुगीन, याबद्दलही अभ्यासकांत वाद आहे. त्याचप्रमाणे ग्लॅडिएटरचे मरण ठरवणारा खाली वळवलेला अंगठा आपल्या मनात ठसला तो मुख्यतः जेरोम या फ्रेंच चित्रकाराच्या १८७२ च्या चित्रामुळे. प्राचीन हातवारा नेमका कसा होता, हे उपलब्ध वाङ्मयातून निश्चित होत नाही. शुभ्र संगमरवरी पुतळे मुळात रंगवलेले असत. आपल्या डोळ्यांपुढचा रोम पुष्कळ अंशी नंतरच्या शतकांनी घडवला आहे, ही जाणीव शाळेतच दिली तर मुले प्रत्येक चित्राकडे अधिक सावधपणे पाहू लागतील.

४. सम्राटाचा शब्द आणि गुलामांचे मौन

पुराणकथेपेक्षा अवघड परीक्षा असते ती सत्ताधीशाच्या आत्मवृत्ताची. पहिला सम्राट ऑगस्टस याने आपल्या कार्याचा आढावा स्वतः लिहून ठेवला होता. त्याची सर्वांत पूर्ण प्रत आजच्या तुर्कस्तानातील अंकारा येथे एका मंदिराच्या भिंतींवर कोरलेली आहे. त्यात त्याने बांधलेली मंदिरे, वाटलेला पैसा आणि मिळवलेले विजय यांची तपशीलवार नोंद आहे. मात्र ब्रूटस, कॅशियस आणि अँटनी या त्याच्या प्रमुख शत्रूंची नावे त्यात एकदाही येत नाहीत. याच लेखात तो अभिमानाने नमूद करतो की, मालकांपासून पळून जाऊन शस्त्रे हाती घेतलेले सुमारे ३०,००० गुलाम आपण पकडले आणि शिक्षेसाठी त्यांच्या मालकांच्या स्वाधीन केले.

हे वाक्य वर्गात थांबून वाचले पाहिजे. त्या तीस हजारांपैकी कोणीही आपला वृत्तान्त दगडावर कोरून ठेवू शकला नाही. इ.स.पू. ७३ मध्ये कापुआ येथील ग्लॅडिएटरांच्या शाळेतून पळालेला स्पार्टाकस आणि त्याचे सहकारी यांची हकिकतही आपल्याला त्यांना शत्रू मानणाऱ्या जगातील लेखकांकडूनच मिळते. इ.स.पू. ७१ मध्ये त्यांचा पराभव झाल्यावर पकडलेल्या सुमारे सहा हजार माणसांना कापुआ ते रोम या रस्त्याच्या कडेने क्रुसावर चढवण्यात आले. रोमन रस्त्यांच्या बांधणीचे कौतुक करणाऱ्या पाठात या रस्त्याचा उल्लेख असावा की नसावा? असावा, असे मी म्हणेन. रस्ते उत्तम होते, हे खरेच आहे. पण त्यांवरून काय काय गेले, हेही सांगितले पाहिजे.

वर उल्लेखिलेल्या केंब्रिजच्या पाठ्यपुस्तकाचा अनुभव या संदर्भात बोलका आहे. त्यातील कुटुंबप्रमुख केसिलियस हा खरोखर पाँपेईत राहणारा, लिलावांत पैशांचे व्यवहार करणारा सावकार होता. १८७५ मध्ये त्याच्या घरात हिशेबाच्या दीडशेहून अधिक मेणपाट्या सापडल्या. पुस्तकात त्याच्या घरातील गुलाम विनोदी, खुशालचेंडू आणि मालकाशी प्रेमाने बांधलेले असे रंगवले गेले होते. कित्येक पिढ्यांनी त्या पात्रांवर प्रेम केले. परंतु गुलामगिरी म्हणजे घरातील गमतीदार नोकरवर्ग असा समज त्यातून दृढ होतो, अशी टीका शिक्षकांनीच केली. २०२२ मध्ये निघालेल्या पाचव्या आवृत्तीत गुलामांच्या चित्रणाचा फेरविचार करण्यात आला. तसेच स्त्रियांचे जग दिसावे म्हणून कुटुंबात लूसिया नावाच्या मुलीचे पात्र आणले गेले. लोकप्रिय पुस्तकही बदलता येते आणि ते बदलल्याने विषय संपत नाही, याचे हे चांगले उदाहरण आहे.

५. वैभवाच्या शिकवणीचा धोका

रोम केवळ गौरवाने शिकवला तर काय होऊ शकते, याचे उत्तर विसाव्या शतकातील इटलीने दिलेले आहे. मुसोलिनीच्या पक्षाचे नावच प्राचीन रोमन अधिकाराच्या चिन्हावरून, कुऱ्हाडीभोवती बांधलेल्या काठ्यांच्या जुडीवरून, घेतलेले होते. १९३४ मध्ये रोम शहरातील एका प्राचीन इमारतीच्या भिंतीवर रोमन साम्राज्याची वाढ दाखवणारे चार मोठे नकाशे लावण्यात आले. इथिओपिया जिंकल्यानंतर १९३६ मध्ये त्यांच्या शेजारी पाचवा नकाशा आला. तो नव्या साम्राज्याचा होता. १९३७ मध्ये ऑगस्टसच्या जन्माला दोन हजार वर्षे झाल्याचे निमित्त करून भव्य प्रदर्शन भरवण्यात आले.

या साऱ्यात मुलांना वगळलेले नव्हते. फॅसिस्ट युवक संघटनेतील सर्वांत लहान, सहा ते आठ वर्षांच्या मुलांच्या गटाला ‘लांडगीची मुले’ असे नाव होते. ज्या कथेविषयी लिव्हीने दोन हजार वर्षांपूर्वी शंका नोंदवून ठेवली होती, तीच कथा गणवेश घालून रांगेत उभ्या राहणाऱ्या बालकांची ओळख बनली. पुराणकथा स्वतः निरुपद्रवी असते. तिच्याविषयी प्रश्न विचारण्याची मुभा काढून घेतली की ती कोणाच्याही हातातील साधन बनू शकते. रोमच्या अध्यापनात शंकेला जागा असली पाहिजे, असे मी म्हणतो त्याचे कारण हे आहे.

६. सरहद्दीवरची माणसे

शंका शिकवायची म्हणजे मुलांना रोमविषयी तिटकारा शिकवायचा, असे मात्र नाही. सम्राट आणि सेनापती थोडे बाजूला केले की रोमन जगातील माणसे दिसू लागतात. उत्तर इंग्लंडमध्ये विंडोलांडा नावाच्या रोमन छावणीच्या जागी १९७३ मध्ये पातळ लाकडी फळ्यांवर शाईने लिहिलेली पत्रे सापडू लागली. इ.स. १०० च्या सुमारास क्लॉडिया सेव्हेरा नावाची स्त्री, छावणीच्या अधिकाऱ्याची पत्नी सल्पिसिया लेपिडिना हिला आपल्या वाढदिवसाला येण्याचे आमंत्रण देते. पत्राचा मजकूर लेखनिकाने लिहिलेला आहे, पण शेवटच्या आपुलकीच्या ओळी तिने स्वतःच्या हाताने लिहिल्या आहेत. स्त्रीच्या हस्ताक्षरातील लॅटिन लेखनाच्या सर्वांत जुन्या नमुन्यांपैकी हा एक होय. दुसऱ्या एका पत्रात मोजे आणि अंतर्वस्त्रे पाठवल्याचा उल्लेख आहे. आणखी एका फळीवर व्हर्जिलच्या महाकाव्यातील एक ओळ आहे. ती लेखनाच्या सरावासाठी लिहिली असावी, असे मानले जाते. याच लेखांत स्थानिक ब्रिटन लोकांचा तुच्छतेने केलेला उल्लेखही आढळतो. आपुलकी आणि तुच्छता एकाच छावणीत नांदत होती, हे मुलांना दाखवता येते. याच छावणीच्या परिसरात घडणारे ‘मिनिमस’ हे लहान मुलांसाठीचे लॅटिन पुस्तक १९९९ मध्ये निघाले.

याहून बोलका पुरावा साउथ शील्ड्स येथे सापडलेल्या दुसऱ्या शतकातील एका समाधिशिलेचा आहे. सिरियातील पाल्मिरा येथून आलेल्या बाराटेस नावाच्या माणसाने ती आपल्या पत्नीसाठी उभारली. तिचे नाव रेजिना. ती दक्षिण ब्रिटनमधील कॅटुव्हेलौनी जमातीची होती आणि तीस वर्षांची असताना वारली. शिलेवर लॅटिनमध्ये लिहिले आहे की, ती त्याची मुक्त केलेली गुलाम आणि पत्नी होती. त्याखाली त्याच्या मातृभाषेत, पाल्मिराच्या अरामी लिपीत, तिच्यासाठी शोक व्यक्त करणारी एक ओळ आहे. ही स्त्री गुलाम कशी झाली असेल? तिचा मालकच तिचा पती झाला, तेव्हा तिला नकार देता आला असता का? आणि तरीही त्या परदेशी माणसाने आपले दुःख स्वतःच्या भाषेत का कोरले असेल? या प्रश्नांना ठाम उत्तरे नाहीत. पण रोमन साम्राज्य म्हणजे काय, हे या एका दगडापुढे मुलांना जेवढे कळेल तेवढे नकाशावरील रंगीत प्रदेशांवरून कळणार नाही.

७. मराठी वाचकाचा संबंध

आपल्या वाचकांना रोम परका वाटणे स्वाभाविक आहे. तरीही त्याचे काही धागे आपल्या घरापर्यंत आलेले आहेत. भिंतीवरच्या कॅलेंडरमधील सप्टेंबर, ऑक्टोबर, नोव्हेंबर, डिसेंबर ही नावे लॅटिनमधील सात, आठ, नऊ, दहा या संख्यांवरून आली. ‘सप्त, अष्ट, नव, दश’ यांच्याशी त्यांचे नाते कानालाही जाणवते. नवव्या महिन्याच्या नावात सात कसे, असे मुलाने विचारले तर जुन्या रोमन वर्षाचा आरंभ मार्चपासून होत असे, हे सांगता येते. संस्कृतातील ‘दीनार’ हा शब्दही रोमन नाण्याच्या नावावरून आलेला आहे.

व्यापाराचा धागा याहून ठळक आहे. इ.स. पहिल्या शतकातील ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठण आणि तगर, म्हणजे आजचे धाराशिव जिल्ह्यातील तेर, येथून गाड्यांमधून माल भडोच बंदराकडे जात असल्याची नोंद आहे. कोल्हापूरच्या ब्रह्मपुरी येथील उत्खननात पोसायडन या समुद्रदेवाची कांस्यमूर्ती सापडली. १९३८ मध्ये पाँपेईच्या अवशेषांत एक भारतीय हस्तिदंती स्त्रीमूर्ती मिळाली. तिच्याशी साम्य असणाऱ्या मूर्ती तेर आणि भोकरदन येथे सापडल्या आहेत. भारताशी होणाऱ्या व्यापारात दरवर्षी पाच कोटी सेस्टर्स बाहेर जातात, अशी तक्रार थोरला प्लिनी याने केली होती. हाच प्लिनी इ.स. ७९ मध्ये, पाँपेई गाडणाऱ्या व्हेसुव्हियसच्या उद्रेकात मरण पावला. मराठी शाळेत रोमचा पाठ शिकवायचा झाल्यास त्याचा आरंभ तेरपासून करणे अधिक सयुक्तिक ठरेल.

८. दोन आक्षेप

या मांडणीवर दोन आक्षेप घेतले जाऊ शकतात. पहिला, वेळेचा. शाळेच्या वेळापत्रकात आपल्याच इतिहासाला पुरेसे तास नसताना रोमला कोठून देणार? हा आक्षेप वजनदार आहे. रोमचा सलग इतिहास शिकवायचा म्हटले तर तो मान्यच करावा लागेल. परंतु राजांची आणि लढायांची लांबलचक माळ सोडून चार-पाच निवडक साधने घेतली तर थोडे तासही पुरतात. शिवाय परक्या इतिहासाचा एक विशेष लाभ आहे. रोम्युलसविषयी शंका घेतल्याने आपल्या घरात कोणाच्या भावना दुखावत नाहीत. साधने तपासण्याची सवय अशा ठिकाणी निर्भयपणे लावता येते आणि एकदा लागलेली सवय पुढे आपल्या इतिहासाच्या वाचनातही उपयोगी पडते.

दुसरा आक्षेप कथांमधील हिंसेचा. सॅबाइन स्त्रियांचे अपहरण, लुक्रेशियावरील बलात्कार आणि तिची आत्महत्या या कथा मुलांना सांगाव्यात काय? लहान वर्गांत लुक्रेशियाची कथा टाळणेच इष्ट. सॅबाइन स्त्रियांची कथा सांगायचीच असेल तर ती गोड करून सांगू नये. त्यांना त्यांच्या इच्छेविरुद्ध नेले, एवढे स्पष्ट शब्द हवेतच. वरच्या वर्गांत मात्र लुक्रेशियाच्या मृत्यूतून राजेशाहीचा अंत आणि इ.स.पू. ५०९ मध्ये प्रजासत्ताकाचा उदय कसा दाखवला जातो, यावर चर्चा व्हावी. एका स्त्रीच्या देहावरील अत्याचार हा पुरुषांच्या राजकीय गोष्टीचा आरंभबिंदू का होतो, हा प्रश्न किशोरवयीन मुलामुलींनी एकत्र बसून विचारण्याजोगा आहे.

९. समारोप

सारांश, प्राचीन रोमचे अध्यापन टाकून देऊ नये आणि भक्तिभावानेही करू नये. लिव्हीच्या दोन हकिकती, ऑगस्टसचा लेख, विंडोलांडाचे आमंत्रण आणि रेजिनाची समाधी एवढी सामग्री घेऊनही एक उत्तम पाठ उभा राहू शकतो. हे कोणी लिहिले, कोणासाठी लिहिले, कोणाचे नाव गाळले, हे तीन प्रश्न त्या पाठाच्या केंद्रस्थानी असावेत. आपल्यापैकी अनेकजण पालक आहेत, काहीजण शिक्षकही आहेत. मुलांच्या हातातील इतिहासाचे पुस्तक उघडून, त्यातील कोणत्याही एका पाठाला हे तीन प्रश्न त्यांच्यासोबत विचारून पाहावेत. साहित्याचे विद्यार्थी म्हणून आपण संहितेला जे प्रश्न विचारतो, तेच हे प्रश्न आहेत.

स्वाध्याय

१. रोम्युलसच्या अंताच्या दोन हकिकतींमधून पुराणकथा आणि सत्ता यांचा कोणता संबंध सूचित होतो, ते स्वतःच्या शब्दांत लिहा.

२. ‘परक्या इतिहासावर साधने तपासण्याची सवय निर्भयपणे लावता येते’ या लेखकाच्या मताशी आपण सहमत आहात काय? सकारण लिहा.

३. रेजिनाच्या समाधिशिलेवरील दोन भाषांच्या वापराचा अर्थ कसा लावता येईल?

४. आपल्या परिसरातील एखादा शिलालेख, वीरगळ किंवा समाधी पाहून समारोपातील तीन प्रश्नांच्या आधारे सुमारे ३०० शब्दांचे टिपण तयार करा.